फियाट मरताना कशी मेली? कुर्ल्याची गाडी, तिचं इंजिन आणि आपण



लावणी उरकली, बांधाची कामं झाली, आता पाऊस म्हणेल तसं. हातात दोन दिवस मोकळे आहेत म्हणून आज भात-भेंडी बाजूला ठेवून गाडीवर लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपताना ती रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात पेपरात पुष्कळ आठवणी छापून आल्या. सिनेमातली फियाट, पावसातली फियाट, टपावर सामान बांधलेली फियाट. माझ्या वाचण्यात तरी बॉनेट उघडून कोणी लिहिलं नाही. आणि खरी गोष्ट तर बॉनेटखाली आहे. ही गाडी बंद पडायची, भरपूर बंद पडायची, पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ती परत चालू करता यायची. एवढ्यावर तिने पन्नास वर्षं काढली.

मी ८७ साली दहावी झालो. त्यानंतर दोन वर्षं, भाताची कापणी-झोडणी आटोपली की पुढच्या पावसापर्यंत, कल्याणात एका गॅरेजात हेल्पर होतो. पाने धुवायचे, नटबोल्ट रॉकेलच्या ताटलीत टाकायचे, उस्तादला चहा आणायचा. त्या दोन वर्षांत जे कानावर पडलं ते आजही पंपाला, पॉवर टिलरला कामी येतं.

आधी ही गाडी आली कुठून ते सांगतो.

वालचंद हिराचंद हे नाव आपल्या शेतकऱ्यांना साखरेमुळे माहीत आहे. इंदापूरकडचं वालचंदनगर, मालेगावकडचं रावळगाव, ही त्यांचीच. सोलापूरचा माणूस, जन्म १८८२ चा. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांची कामं त्यांनी केली, आपल्या शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावातून मुंबईला जाणाऱ्या पाइपलाइनचं काम केलं, जहाजं काढली, विमानाचा कारखाना काढला. आणि १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारीची कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला. १९४७ ला पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावर. मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या.

मग इटलीच्या फियाटशी करार झाला. सुरुवातीला फियाट ५०० ही चिमुकली गाडी, आणि १९५४ पासून फियाट ११००. इटलीत ती १९५३ ला आली होती, म्हणजे वर्षभरात आपल्याकडे पोचली. त्याच सुमारास दिल्लीहून धोरण ठरलं की ज्यांना नुसते परदेशी सुटे भाग आणून जोडायचे आहेत त्यांनी गाशा गुंडाळावा, ज्यांना भाग इथे बनवायचे आहेत त्यांनी राहावं. मुंबईत जनरल मोटर्स होती, फोर्ड होती, दोघे निघून गेले. उरले कोण? कलकत्त्याकडे अँबेसेडरवाले, मद्रासला स्टँडर्डवाले आणि कुर्ल्याचे फियाटवाले. पुढची तीस वर्षं देशात गाडी घ्यायची म्हणजे या तिघांच्या दारात जायचं.

नाव बदलत गेलं. सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ला डिलाइट. सत्तरीच्या सुरुवातीला इटलीशी असलेला परवाना संपला, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. लोकांनी मात्र पहिलं नाव काही सोडलं नाही. आमच्याकडे आजही म्हातारी माणसं कुठल्याही डब्बा आकाराच्या गाडीला फियाटच म्हणतात.

गाडी मिळायला किती वर्षं थांबावं लागे ते जुन्या लोकांना विचारा. नंबर लावायचा, पैसे भरायचे, विसरून जायचं. १९६९ ला सरकारने गाड्यांच्या किमतीवर नियंत्रण आणलं, कंपन्या थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. (आपल्या कांद्याचं असं झालं की आपण कुठे जातो? असो.) या वाट बघण्याचा परिणाम मात्र लक्षात घ्या. नवी गाडी मिळणार नाही हे नक्की असलं की माणूस जुनी टिकवतो. भाग मिळाला नाही तर लेथवर बनवून घेतो. त्यातूनच मुंबई-ठाणे-कल्याणात गल्लीगल्लीत फियाटचे मिस्त्री तयार झाले. कॉलेजात कोणी गेलं नव्हतं, पण इंजिनाच्या आवाजावरून कुठलं टॅपेट सैल आहे ते सांगायचे.

इंजिन साधं होतं. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, ताकद साधारण चाळीस हॉर्सपॉवर. म्हणजे आज गावात फिरणाऱ्या मध्यम ट्रॅक्टरएवढी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. हे बीड आणि अ‍ॅल्युमिनियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे, आणि पेट्रोल ओढायला इंजिनाच्या अंगालाच एक पंप चिकटवलेला. मिस्त्री लोक त्याला एसी पंप म्हणतात. गारव्याशी त्याचा संबंध नाही, त्या नावाच्या कंपनीचा पंप होता, नाव चिकटलं. वर सोलेक्सचा कार्बोरेटर. ठिणगीसाठी कॉइल, आणि डिस्ट्रिब्युटर, ज्याला गॅरेजात डेल्को म्हणत.

आमचे उस्ताद गाडी आली की बॉनेटला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचे: "मरताना कशी मेली?"

शहाणा प्रश्न आहे. गाडी चालता चालता दिवा विझावा तशी एकदम बंद पडली तर करंट गेला. खोकत, झटके देत, दम लागल्यासारखी मेली तर पेट्रोल कमी पडलं. तापून, ताकद कमी होत होत मेली तर पाणी, गॅस्केट, नाहीतर तेल बघायचं. गिऱ्हाइकाचं उत्तर ऐकून निम्मं काम व्हायचं. आपण शेतात काय करतो? पान पिवळं दिसलं की युरियाचं पोतं उचलतो. अहो, आधी बघा खालचं जुनं पान पिवळं आहे की वरचं कोवळं. खालचं असेल तर नत्र, वरचं शिरा हिरव्या ठेवून पिवळं असेल तर लोह, आणि सगळंच मरगळलं असेल तर मुळाशी पाणी साचलंय का बघा. फियाटलाही हेच लागू.

मग क्रम. पहिला करंट, दुसरं पेट्रोल, तिसरी हवा, चौथं कॉम्प्रेशन. करंट पहिला का? बघायला एक मिनिट लागतं आणि काही उघडावं लागत नाही. प्लगची वायर काढायची, टोक ब्लॉकपासून जरा दूर धरायचं, दुसऱ्याने सेल्फ मारायचा. वायर धरायची ती कोरड्या लाकडी चिमट्यात, हातात नाही, शॉक जबर बसतो. निळी, कडकडीत ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी, मलूल आली तर कॉइल, कंडेन्सर नाहीतर पॉइंट. काहीच नाही आली तर आधी बॅटरीपासून कॉइलपर्यंतची वायर बघा, निम्म्या वेळा तिथेच एखादा स्क्रू ढिला असतो. आणि हे करताना आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल असता कामा नये. हे मी मुद्दाम लिहितोय.

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले दोन छोटे संपर्क. इंजिनाच्या फिरण्याबरोबर उघडतात, मिटतात. उघडले की कॉइलमधून ठिणगी उडते. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. फिलर गेज नसलं तर उस्ताद काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा घालून लावायचे आणि गाडी घरी पाठवायचे, नीट माप नंतर. पॉइंट वारंवार जळून काळे-निळे होत असतील तर पॉइंट बदलत बसण्यात अर्थ नाही, दोष शेजारच्या कंडेन्सरचा असतो. तो अंगठ्याएवढा डबा, किंमत किरकोळ. पण एका ठिकाणी (नाव घेत नाही) आमच्या गावातल्या एका माणसाला अशाच कारणासाठी पूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलायला लावला होता. दोन महिन्यांनी पॉइंट पुन्हा जळले. कारण जुना कंडेन्सरच नव्या डिस्ट्रिब्युटरवर बसवला होता!

आता पाऊस. कोकणातल्या पावसात फियाटचा पहिला शत्रू डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतला दमटपणा. टोपीत पाण्याची वाफ धरली की ठिणगी प्लगपर्यंत जाण्याऐवजी टोपीच्या आतूनच पळते. गाडी झटके देते, मग बंद.

८८ सालच्या जुलैची गोष्ट. आमच्या वाडीतल्या एका बाईला भाताच्या खाचरात साप चावला. रात्रीची वेळ, एसटी नाही. माझे चुलते, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, मुंबईत टॅक्सी चालवायचे आणि दोन दिवसांसाठी गाडी घेऊन घरी आलेले. बाईला मागच्या सीटवर निजवलं, तिचा नवरा शेजारी, मी पुढे. मुरबाडकडून कल्याणच्या रस्त्याला लागलो. रायत्याच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यावर घोट्याच्या वर पाणी होतं. अप्पांनी गाडी घातली, पाण्यातून निघाली, आणि शंभर पावलांवर दोन-चार झटके देऊन बंद पडली.

बाईचा नवरा रडायला लागला. अप्पा काही बोलले नाहीत. खाली उतरले, मला टॉर्च धरायला सांगितली, टोपीच्या दोन क्लिपा उघडल्या. मग शर्ट काढला, आतला बनियन काढला. शर्ट चिंब होता, बनियन कोरडा. त्याने टोपी आतून पुसली, रोटर पुसला, चारही वायरींची टोकं पुसली, काडी पेटवून टोपीच्या आत क्षणभर ऊब दिली (पेट्रोल गळत नाही ना हे आधी वास घेऊन बघितलं), टोपी बसवली. मला म्हणाले, "बस आत, दार लाव. आन् तिला बोलती ठेव." दुसऱ्या सेल्फला गाडी लागली. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात पोचलो, तिला लस मिळाली. ती बाई आजही आहे, नातवंडं खेळवते.

मंडळी, गाडीबद्दल हळवं व्हायला मला आवडत नाही. पण त्या रात्री बॉनेटखाली सीलबंद डबा असता आणि तो उघडायला कंपनीचा कॉम्प्युटर लागला असता, तर आम्ही तिथे उभे राहून सकाळची वाट बघितली असती. हेही खरं की आजची गाडी त्या पाण्यात बहुधा बंदच पडली नसती. दोन्ही बाजू आहेत.

करंट ठीक असेल तर पेट्रोलकडे या. कार्बोरेटरकडे येणारी रबरी नळी काढायची, बाटलीत धरायची, एसी पंपाला हाताने चालवायचा छोटा दांडा असतो तो वरखाली करायचा. पेट्रोलची पिचकारी आली पाहिजे. आली तर पंप ठीक, दोष कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा नाहीतर फ्लोटची सुई. नाही आली तर टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी नळीला चीर, पंपातला रबरी पडदा फाटलेला, नाहीतर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं. ते भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल येईना होतं. झाकण उघडल्यावर 'फुस्स' असा आवाज आला की समजायचं. आपल्या फवारणी पंपाच्या झाकणालाही असंच भोक असतं, ते चिखलाने बुजतं, आणि आपण कार्बोरेटर खोलत बसतो.

पडदा फाटला तर अजून एक वाईट गोष्ट होते. पेट्रोल गळून खाली ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकला वास घ्या. ऑइल पातळ झालं आणि पातळी वाढलेली दिसली तर इंजिन चालू करू नका, बेअरिंगं जातील.

आणि मग फियाटचं सगळ्यात प्रसिद्ध दुखणं, घाटातलं. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज चढणारा माणूस उन्हाळ्यात वर पोचेपर्यंत एकदा तरी थांबायचा. पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला, इंजिन तापलेलं, हळू चालल्यामुळे वारा नाही. पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप द्रव ओढायला केलेला आहे, वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे काही जात नाही. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की ती घूं घूं फिरते आणि पाणी येत नाही, अगदी तसंच. म्हणून त्या काळी प्रत्येक फियाटमध्ये एक फडकं आणि पाण्याची बाटली असायची. पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, निघायचं. काही जण फडकं पंपावरच कायम गुंडाळून ठेवत आणि अधूनमधून ओलं करत. बाहेरून बघणाऱ्याला अंधश्रद्धा वाटावी, पण त्यामागे शाळेतलंच विज्ञान आहे: पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. मातीचा माठ दुसरं काय करतो?

इथे एक गंमत आहे, गंमत म्हणजे फसगत. घाटात तापून बंद पडण्याची दोन कारणं असतात आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. एक हे पेट्रोलचं. दुसरं, कॉइल तापून आतून कमजोर होणं. दोन्हींत दहा-पंधरा मिनिटं थांबलं की गाडी लागते. लोक वर्षानुवर्षं पंपावर फडकं टाकत राहायचे आणि दोष असायचा कॉइलचा. बरी का होत होती? फडक्याने नाही, थांबल्याने. फरक ओळखायचा तर गाडी गार व्हायच्या आत, बंद पडल्या जागेवरच, ठिणगी बघायची. आणि करंटवर मरताना ती खोकत नाही. शेतीतही अशी कितीतरी औषधं आहेत जी मारल्यावर रोग जातो, पण तो पाऊस उघडल्यामुळे जातो. कृषी अधिकारी मंडळी वाचत असतील तर त्यांनी एकदा यावर लिहावं.

तापण्याचं पुढचं टोक म्हणजे हेड गॅस्केट. बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड, दोन्ही तापल्यावर सारखे फुगत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं. गाडी पाण्यावाचून तापवली की हेड वाकडं होतं आणि मधलं गॅस्केट फुटतं. खूण काय? रेडिएटरचं झाकण काढून (गार झाल्यावरच, नाहीतर तोंड भाजेल) इंजिन चालू केलं की पाण्यात बुडबुडे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा, घुसळलेल्या लोण्यासारखा. मागून पांढरा धूर जो गाडी गरम झाली तरी थांबत नाही. शेजारशेजारची दोन सिलिंडर एकदम मेली तर त्या दोघांच्या मधली गॅस्केटची पट्टी गेली. कुठलं सिलिंडर मेलं हे कसं कळतं? इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन अडखळलं तर ते सिलिंडर काम करत होतं. आवाजात फरकच पडला नाही तर मेलेलं तेच. घरातल्या कामचुकाराला शोधायची हीच पद्धत, असं उस्ताद म्हणायचे.

प्लग काढला की त्याचा रंग बघायचा. बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे तब्येत छान. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ओला, तेलकट काळा म्हणजे रिंगा झिजल्या, ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, इंजिन आतून भाजतंय. शेवटचा प्रकार दिसायला सगळ्यात स्वच्छ आणि असतो सगळ्यात धोक्याचा.

गाडीत दोष नव्हते असं मी म्हणत नाही. स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअरचा हँडल झिजला की गिअर अडकायचे, ब्रेक जेमतेम. कंपनीने वीस-पंचवीस वर्षांत वरची जाळी आणि दिवे सोडून फारसं बदललं नाही, कारण बदलायची गरजच नव्हती. गिऱ्हाईक जाणार कुठे? डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि गिऱ्हाइकाला जायला जागा मिळाली. पुढच्या दोन-चार वर्षांत खाजगी मालक फियाट सोडून निघाले. टॅक्सीवाले तेवढे राहिले, कारण त्यांना दुरुस्ती परवडत होती आणि मिस्त्री ओळखीचे होते.

आपल्या कल्याण-डोंबिवलीचा यात भाग मोठा आहे. कंपनीचा दुसरा कारखाना इथे, कल्याण-शीळ रस्त्यावर. नव्वदीत तिथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर नवी गाडी काढली. आमच्या आजूबाजूच्या गावांतल्या पोरांना वाटलं आता पिढ्यांची सोय झाली. आयटीआय केलेली पोरं रांगा लावून गेली. कामगारांचे वाद झाले, गाडी हवी तशी चालली नाही, १९९७ ला प्यूजो निघून गेली. कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला, पद्मिनी २००० च्या आसपास बंद झाली. आज डोंबिवलीत प्रीमियर ग्राउंड, प्रीमियर कॉलनी ही नावं शिल्लक आहेत आणि भोवती टॉवर आहेत. सभा असली की रिक्षावाला बरोबर प्रीमियर ग्राउंडला नेतो. तिथे काय बनत होतं हे त्याला विचारून बघा.

टॅक्सीवाल्यांच्या फियाटवर शेवटच्या काळात दोन संकटं आली. २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल झालं, आणि मुंबईत प्रदूषणाच्या खटल्यानंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. दोन्ही गोष्टी हवेसाठी चांगल्याच, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या इंजिनात शिसं व्हॉल्व आणि त्याच्या बैठकीच्या मध्ये मऊ थर धरायचं. ते गेलं, वर गॅस कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्वची बैठक झिजून व्हॉल्व आत बसत जायचा. टॅपेटची फट कमी कमी होत शून्यावर यायची, व्हॉल्व मिटेना, कॉम्प्रेशन गायब. मिस्त्र्यांनी उपाय काढला, कडक धातूची नवी बैठक बसवायची आणि टॅपेट लवकर लवकर तपासायचे. त्यावर त्या गाड्यांनी अजून वीस वर्षं काढली.

आता आजचं. तिसरं संकट आलंय आणि ते आपल्या शेतातूनच निघालंय. इथेनॉल. ऊस, मका, तांदूळ यांच्यापासून बनवतात. २०२३ ला वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली, २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेच आलं. ऊसवाल्या आणि मकावाल्या भावांना त्याचा फायदा आहे, मी विरोधात नाही. पण जुनी फियाट असो की आपला गवत कापायचा ब्रश कटर, जिथे कार्बोरेटर आहे तिथे तीन गोष्टी होतात.

एक, इथेनॉल जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरचं भोक ठरलेलं, ते काय वाढवणार? म्हणजे मिश्रण पातळ पडतं, प्लग पांढरा व्हायला लागतो, ओढीला दम कमी पडतो. दोन, इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या वॉशरला मऊ करतं. एसी पंपाचा पडदा, नळ्या, फ्लोटच्या सुईचं टोक. आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला राळेसारखा थर सोडवून थेट जेटमध्ये आणून टाकतं. तीन, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी टाकी ठेवून मशीन चार महिने उभं केलं की तळाला पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो. आणि इंजिन ओढतं ते तळातूनच.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातल्या एका तरुणाने आजोबांची ८६ ची पद्मिनी बाहेर काढली. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं पासिंग, पर्यावरण कर, सगळं रीतसर भरलेलं. चालू व्हायची, दोन मैल जायची, खोकत मरायची. करंट निळा. नळीतून पेट्रोल येत होतं पण तुटक तुटक. काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं पेट्रोल काढून अर्धा तास ठेवलं, खाली बोटभर वेगळा थर दिसला. पंप उघडला तर पडदा ओल्या चामड्यासारखा. टाकी उतरवून धुतली, नळ्या बदलल्या, पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा मागवला. तो व्हायटन या नावाने मिळतो, मागताना तेच नाव सांगा. कार्बोरेटर धुऊन मुख्य जेट एका मापाने मोठा घातला, मग प्लगचा रंग बिस्किटावर आला. जेट बदलणं मात्र जाणत्या माणसाकडूनच करा, ड्रिल मारून भोक मोठं करू नका.

तुमच्या मशीनचं एवढं करा. हंगाम संपला की टाकी पूर्ण रिकामी करा, मग इंजिन चालू करून कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल जळून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. दोन स्ट्रोकच्या मशीनसाठी तेल मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नका, लागेल तेवढंच बनवा. प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत लावा. मशीन जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, पोतं झाका पण प्लास्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो.

कुर्ला नाहीतर डोंबिवलीच्या कारखान्यात तुमच्या घरातलं कोणी कामाला होतं का? असेल तर कुठल्या खात्यात ते खाली लिहा. आणि पद्मिनीच्या एसी पंपाचा किट कल्याण-ठाण्यात कुठे मिळतो तेही लिहा, त्या पोराला एक जादा घेऊन ठेवायचा आहे.